सोमवारचे ठिपके

परळच्या आमच्या गिरणीत सूत तोलण्याच्या खोलीत तुळशीदास नावाचा माणूस होता. शिवडीचा कोळी, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. मी जमाखर्चाचा इंग्रजी अभ्यास पुरा केलेला, बावीस वर्षांच्या नोकरीचा हेडक्लार्क. तरी मॅनेजरसाहेब आले की आधी त्याच्या टेबलाकडे वळत. मला ते खुपे.

काम सोपे होते. रोज दर यंत्रावरून ठरावीक लांबीची लडी काढून तोलायची. जड भरली तर सूत जाड, हलकी भरली तर बारीक; त्या वजनावरून सुताचा नंबर ठरे, नंबर मोठा तितके सूत बारीक. मी आठवड्याची सरासरी काढी. तो मात्र प्रत्येक वजनाचा एक ठिपका कागदावर देई. मधे हव्या वजनाची एक रेघ, वर-खाली नेहमी पडणाऱ्या फरकाच्या दोन. रेघा ओढायला रूळ माझाच नेई.

"हे कुठे शिकलास?"

"आमचा बाबा बंदरात खांबावर भरतीच्या खुणा करायचा, तात्या. पंधरा दिवस बघितल्याबिगर होडी किती भरायची ते सांगायचा नाय."

१८९४ साली चीनच्या एका व्यापाऱ्याने विचारले, वीस नंबरचे सूत द्याल त्यात फरक किती पडेल? माझी सरासरी सहा आठवडे बरोबर वीस होती. फरक नगण्य, असा मसुदा मी केला. साहेब म्हणाले, "तुळशीदासची सही घ्या."

माझ्या मसुद्यावर त्याची सही. आणि ती त्याने दिली नाही.

"चार नंबरचं यंत्र बघा. सोमवार-मंगळवारचे ठिपके वरच्या रेघेबाहेर, शुक्रवार-शनिवारचे खालच्या. सरासरी वीस येते, पन वीस नंबरचं सूत तिथं क्वचितच निघतं. आधी ते ठिकाणावर येऊ दे. मग फरक किती ते सांगू."

"भरतीचे जोशी झालात," मी म्हणालो. तो हसला.

त्याची चूक सापडावी म्हणून पुढच्या सोमवारी मीच चार नंबरवर गेलो. लडी तीनदा तोलली. तिन्ही वेळा जड. मी तिथल्या कामगारांवरचा मुकादम, जॉबर गणपत, याला विचारले.

"रविवारी सफाई होते," तो म्हणाला, "सोमवारी धागा लई तुटतो, म्हणून जाड सोडतो. मग तुमची सरासरी बिघडू नये म्हणून आठवड्याच्या शेवटाला बारीक करतो. तुमच्यासाठीच की, तात्या."

मी मसुदा फाडला आणि व्यापाऱ्याकडे दोन महिन्यांची मुदत मागणारा दुसरा लिहिला.

"तुळशीदासने पकडलं ना?" साहेबांनी विचारले.

सोमवारी लडी मी तोलली होती, हे ओठांवर आले होते. मी हो म्हणालो.

गणपतची युक्ती बंद झाली. सहा आठवडे सगळे ठिपके दोन रेघांच्या आत राहिले, तेव्हा कुठे फरकाचा आकडा लिहून पत्र गेले. सह्या दोघांच्या, त्याची वर.

त्या दिवशी मी माझा रूळ परत मागून घेतला. दुसऱ्या सकाळी साहेबांनी त्याला पितळेचा नवा दिला.