सगळ्यांवर सारखा संशय

बिराजदारबाई कधी भिंतीला पाठ टेकून बसत नसत. लातूरच्या एका शिकवणीच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या प्रमुख होत्या. ऑफिसात खुर्ची असूनही त्या दारातच स्टूल टाकून बसायच्या. मी मदतनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, "माझ्यावर नजर ठेवायला पाठवलं का गं तुला मालकानं?"

मला रागच आला. पुढे कळलं, भूकंपात त्यांच्या घरातलं कुणीच वाचलं नव्हतं. "रोज सारवलेली भिंत," त्या एकदा म्हणाल्या, "तीच लेकरांवर पडली. आता भरवसा ठेवायचा म्हणलं तर कशावर ठेवू?"

स्वयंपाकघरात दोघं होते. औशाचे म्हातारे गफूरचाचा, आणि तेलंगणाच्या सीमेवरून आलेला तरुण यादगिरी. चाचांना त्याच्या भातातल्या चिंचेचा संशय, त्याला चाचांच्या अधू नजरेचा. दोघंही चोरून बाईंकडे गाऱ्हाणी आणायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं, "तुझ्यावर बी संशय हाय, त्याच्यावर बी हाय. जा, भात बघ." गंमत म्हणजे, दोघंही निमूट कामाला लागायचे. दुसरा बाईंचा लाडका आहे, असं कुणालाच वाटायचं कारण नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी निम्म्या मुली उलट्यांनी बेजार झाल्या. बाईही पोट धरून दारात बसल्या होत्या.

"मैं पहलेच बोल्या था, इस छोकरे का हाथ साफ नै," चाचा म्हणाले.

"मी नाही केलं बाई! चाचाला दिसत नाही, डाळीत काय पडलं काय माहीत," यादगिरी रडकुंडीला आला.

तेवढ्यात मालक आले. "पालक यायलेत. ह्या पोराला आत्ताच्या आत्ता गावाकडं पाठवा."

बाई एकदम म्हणाल्या, "मग मला का झालं? काल सोमवार. माझा कडक उपास. इथलं शीत तोंडात न्हाई घातलं. पाणी तेवढं प्याले."

यादगिरीला घेऊन मी गच्चीवर गेले. टाकीचं झाकण फुटलेलं होतं आणि आत मेलेलं कबुतर तरंगत होतं.

मालकांनी आवाज खाली आणला. "प्रवेशाचे दिवस आहेत, बाई. पोराचंच नाव सांगू. तो कुठं परत यायलाय?"

बाई म्हणाल्या, "आज त्याचं सांगताल, उद्या माझं."

पालक जमल्यावर त्यांनी उभं राहून सांगितलं, "टाकीत कबुतर मेलं होतं. झाकणाचं मी मालकाला सांगितलं होतं, पर पाठपुरावा केला न्हाई. दोष त्यांचा हाय, माझा बी हाय. सैपाक्यांचा न्हाई."

मुली बऱ्या झाल्या. बाईंना मात्र काढून टाकलं.

भोकरला बहिणीकडे निघाल्या, तेव्हा स्टँडवर चाचा आणि यादगिरी, दोघंही वेगवेगळे डबे घेऊन आले. बाईंनी दोन्ही डबे उघडले, वास घेतला आणि म्हणाल्या, "आधी एकमेकांचं खा. माझ्यासमोर."

चाचांनी चिंचेचा भात तोंडात घातला. यादगिरीनं चाचांच्या भाजीचा घास घेतला. चाचांनी दुसऱ्यांदा भातात हात घातला, तेव्हा बाईंनी डबा ओढून घेतला.

गाडीत चढताना त्या मला म्हणाल्या, "आता तू बघ ह्यांच्याकडं. गोड बोलली न्हाईस तरी चालंल. दोघांशी सारखंच बोल."