सहा महिने बिनव्याजी

धुळ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आबांनी आधी माझी बॅग खिडकीतून सीटवर टाकली, मग मला आत ढकललं. आईला रडू आवरत नव्हतं, म्हणून ती कळण्याच्या भाकरीचं पीठ कुठे ठेवलंय, ठेचा कुठे ठेवलाय, तेच पुन्हा पुन्हा सांगत होती. अक्का, माझी मोठी बहीण, भुसावळहून मुद्दाम आली होती. दाजी तिथे रेल्वेत आहेत. गाडी हलली तसे आबा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "पुनाले गया तरी आपली बोली सोडजो नको."

नाही सोडली, आबा. उलट तिच्यावरच पोट भरलं, आणि आज त्याचीच लाज वाटते.

माझ्यासारखी जी पोरं साक्री-शिरपूरकडून इकडे आली त्यांना ठाऊक आहे, पहिल्या महिन्यात काय होतं. तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निसटलं की समोरचा हसतो. मी रूमवर आरशासमोर उभा राहून 'आहे, आहे' घोकायचो. एका बँकेच्या कॉल सेंटरच्या मुलाखतीत मात्र मॅडमनी विचारलं, "अहिराणी येते?" मी मान खाली घालूनच हो म्हणालो आणि तिथल्या तिथे नोकरी पक्की झाली. त्यांना धुळे-जळगावकडच्या गिऱ्हाइकांना बॅलन्स ट्रान्सफर विकायचं होतं.

म्हणजे असं. एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर तुमचं बिल थकलंय, त्यावर महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज चढतंय. आमची बँक ते बिल भरून टाकते आणि तेवढी रक्कम आपल्या कार्डावर घेते. सहा महिने व्याज नाही. फी एकदाच, शेकडा दोन, आणि त्या फीवर कर. यात खोटं काहीच नाही. पण अटी होत्या. सहा महिन्यांत फिटलं नाही तर उरलेल्यावर पूर्ण व्याज. बिलावर छापलेली किमान रक्कमच भरत गेलात तर ते फिटणारच नाही. शिवाय त्या कार्डावर नवीन काही घेतलंत, तर एरवी मिळते ती बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून मीटर सुरू.

आमच्या टीम लीडरने एक रीत घालून दिली होती. फायदा सांगायचा अहिराणीत. अटी वाचायच्या स्क्रिप्टमधल्या मराठीत, एका दमात, कारण कॉल रेकॉर्ड होतो. मी त्यात तरबेज झालो. गिऱ्हाईक आपलं "हां भाऊ, हां भाऊ" करत राहायचं. आपल्या बोलीत बोलणाऱ्याला उलट विचारणं आपल्याकडे बरं दिसत नाही. ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो दोनदा लागला.

एका महिन्यात टार्गेट अडलं आणि मी दाजींना फोन लावला. त्यांच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे नव्वद हजार कार्डावर आहेत, हे अक्कानेच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. "दाजी, सहा महिना एक रुपया व्याज नही," मी म्हणालो. मग अटी वाचल्या, एका दमात. दाजी म्हणाले, "तू सांगी राह्यना ना, मंग बस."

दाजींना माहीत होती ती कर्मचाऱ्यांची पतपेढी. तिथे पगारातून हप्ता कापला जातो आणि ठरल्या महिन्यात कर्ज संपतं. बिलावरची किमान रक्कम हाच आपला हप्ता, असं समजून त्यांनी ती भरली, एक दिवस उशीर न करता. व्याज नाही म्हणून त्याच कार्डावर फ्रिजही घेतला. सातव्या महिन्यात आकडा फिरून नव्वद हजारांजवळ आला, आणि वर व्याज. त्यांनी मला फोन केला नाही. साल्याला पैशाचं विचारायचं म्हणजे जावयाचा मान जातो. मीही विचारलं नाही. सातवा महिना कधी लागला ते मला पक्कं माहीत होतं, तरी विचारलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस त्यांना कुणी काम सांगत नाही. अक्काला आणायला दरवर्षी मीच जायचो, रजा काढून. त्या वर्षी गेलो तर तिच्या ओट्यावर डब्यांची रांग. कॉलनीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे पंधरा डबे, दोन्ही वेळचे. मनगटावर पोळल्याचे डाग होते. "यंदा माले जमाव नही, भाऊ," ती म्हणाली. "डबा बंद कया तर लोके दुसरीकडे जातीन."

मी कधीपासून म्हणून विचारलं. तिने हात पुसून कपाटातून बिलांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "हाई वाचीसन सांग. यासले इचारं तर चिडतस."

मी वाचून सांगितलं. आपल्या बोलीत, सावकाश, एकेक ओळ. फी कशावर लागली, व्याज कुठून सुरू झालं, फ्रिजचं वेगळं का लागलं. दहा मिनिटंही लागली नसतील. ऐकून ती म्हणाली, "इतलं सोपं व्हतं? मंग तवय असंच काबर नही सांगं?"

मी सगळे पैसे भरतो म्हणालो. तिने मान हलवली. दाजींना कळलं तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली. मी एकटाच गावी गेलो. आईला सांगितलं, दाजींना सुट्टी नाही. आईने अक्कासाठी घेतलेली साडी पुन्हा पेटीत ठेवून दिली.

नंतर मी बदली मागून घेतली आणि दुसऱ्या विभागात गेलो. आता फोन करावे लागत नाहीत. पुण्यात हप्त्यावर फ्लॅट घेतलाय, गावी आबांनी स्लॅब टाकलाय, त्यामुळे घर कुठलं असं कुणी विचारलं तर दोन पत्ते सांगता येतात. खरं सांगायचं तर घर म्हणजे माझ्यासाठी अक्का होती. तिथे मी काहीही बोललो तरी ते तपासून घ्यायची कुणाला गरज वाटत नव्हती. ते मी एका महिन्याच्या टार्गेटसाठी घालवलं.

रविवारी मी तिला फोन करतो. ती जेवलास का विचारते, पोरांच्या शाळेचं सांगते, रागाचा शब्द काढत नाही. पण आता फोन ठेवायच्या आधी ती दर वेळी एकच विचारते, "आखो काही सांगानं राहीनं नही ना, भाऊ?"

मी नाही म्हणतो. मग ती फोन ठेवते.