आत्याचा गाल आणि डॉक्टरसाहेबांचा नववा निबंध

वाशीमच्या आमच्या डॉक्टरसाहेबांची कीर्ती सातासमुद्रापार गेलेली होती. समुद्राच्या अलीकडे ती कुणाला ठाऊक नव्हती, हा अर्थात आमचा अडाणीपणा. दवाखान्याच्या ओसरीत, इंग्रज बादशहाच्या तसबिरीखाली, त्यांच्या इंग्रजी निबंधांची यादी काचेच्या चौकटीत लावलेली असे. तोंडाच्या कॅन्सरवर आठ निबंध. कोणता कुठल्या विलायती मासिकात आला, कुठल्या प्रोफेसरानं त्याचा आधार घेतला, सगळं टाइप केलेलं. कंपाउंडर ती काच रोज पुसायचा. औषधाची बाटली पुसताना मी त्याला कधी पाहिलं नाही. एकदा जवळच्या मालेगावकडची एक बाई नंबराची वाट पाहत बसली होती. तिनं यादीकडे बोट दाखवून मला विचारलं, "बरे झाले त्याइचे नावं हायेत काय हे?"

मी हसलो. हसायला नको होतं.

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. दारूच्या गुत्त्यांवर, शाळेतल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या माठावर, जे दिसेल त्यावर. पत्रक छापून निघालं की गावाचं कल्याण झालं अशी माझी पक्की समजूत होती, त्यामुळे छापणाऱ्या कुठल्याही माणसाबद्दल मला आदर वाटे. म्हणूनच किन्हीराजा गावच्या माझ्या आत्याच्या डाव्या गालात गाठ आली तेव्हा मी तिला मोटारीनं सरळ याच दवाखान्यात आणली. आमच्याकडे शेतात निंदायला जाणारी बाई सकाळी तंबाखू-चुन्याची चिमूट गालात ठेवते, ती दुपारच्या भाकरीलाच काढते. आत्या तर ती गालात घेऊन झोपायचीसुद्धा.

डॉक्टरसाहेबांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि इतके खूश झाले, की मला वाटलं काळजीचं काही कारण नाही. गालाचा फोटो काढला. गाठीचा बारीक तुकडा कापून मुंबईला तपासायला पाठवला. रिपोर्ट आला की कळवू, म्हणाले.

ही पेरणीच्या आधीची गोष्ट. त्यानंतर आम्ही दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा रिपोर्ट यायचा होता. मुंबई लांब, टपाल सुस्त, आणि डॉक्टरसाहेब एवढे विद्वान. मी मान डोलावून परत आलो. कापूस वेचणीला आला तोवर आत्या ताकात कुस्करलेल्या भाकरीवर आली होती.

तिसऱ्या खेपेला मी एकटाच गेलो. डॉक्टरसाहेब फार आनंदात होते. नुकताच टपालानं आलेला मासिकाचा अंक त्यांनी माझ्या हातात दिला. उघडला तर आत्याचा गाल. खाली छापलेलं: हिंदू स्त्री, शेतकरी. त्याखाली मुंबईच्या रिपोर्टचा गोषवारा आणि तारीख. रिपोर्ट पेरणी उरकायच्या आत आला होता. निबंधाच्या शेवटी डॉक्टरसाहेबांनी जगाला ठासून बजावलं होतं, की अशा गाठीवर एकही दिवस न दवडता शस्त्रक्रिया व्हावी.

आम्हाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्यांना राग आला नाही. एका लिहिणाऱ्यानं दुसऱ्याला धंद्यातली गोष्ट सांगावी तसं त्यांनी मला समजावलं. शस्त्रक्रिया नागपूरला होते. तिथल्या सर्जनलाही लिहिण्याची खोड आहे.

"केस एकदा नागपूरला गेली असती, तर ती माझी राहिली असती का?"

मी म्हणालो, "तुमचा निबंध छापून झाला. आता नागपूरची चिठ्ठी लिहा. नाहीतर उद्या माझं पत्रक निघेल, आणि त्यात तुमचं नाव या यादीपेक्षा मोठ्या टाइपात असेल."

त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. ते लेखन यादीत गेलं नाही.

आत्या शेतात कापूस वेचत होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मी तिला अंक दाखवला, मजकुराचा अर्थ सांगितला, 'एकही दिवस न दवडता' हेही सांगितलं. तिनं फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या गालावर.

"विलायतेतल्या लोकाइले माह्या गालाचं समजलं. अन् मलेच काहून नाई सांगतलं, बापू?"

गुत्तेवाल्यांपासून सरकारपर्यंत सगळ्यांना उत्तरं देणारा मी, तिला नागपूरची चिठ्ठी तेवढी काढून दाखवू लागलो. दोनदा मान डोलावून परत येणारा मीच होतो.

वाशीमहून अकोला, अकोल्याहून नागपूर. सर्जन म्हणाला, पेरणीच्या वेळी आणली असती तर गाठ काढून घरी पाठवली असती. आता अर्धा जबडा काढावा लागला. आत्या वाचली. तंबाखू सुटली, ठेवायला गालच उरला नाही. तिचं बोलणं आता ओठाच्या एका कोपऱ्यातून येतं आणि ते आम्हा घरच्यांनाच समजतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं. नववा निबंध फार गाजला आहे. त्या रोग्याचं पुढं काय झालं, असं एका विलायती प्रोफेसरानं विचारलं आहे. तरी दहाव्या निबंधासाठी बाईंचा ताजा फोटो काढू द्यावा.

मी आत्याला पत्र वाचून दाखवलं. उत्तर सांगायला तिला बराच वेळ लागला. मी ते तिच्याच शब्दांत कार्डावर उतरवलं:

"फोटू काढू देतो. पन या वक्ती काय लिवलं ते आधी मले वाचून दाखवा, मंग विलायतेतल्या साहेबाले धाडा."

कार्ड दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. डॉक्टरसाहेब अजून किन्हीराजाला आलेले नाहीत.