लॅव्हेंडरची रोपं आणि पूजेचं पाणी

मित्रांनो, आज माझी एक चूक माझ्या ध्यानात आली, ती सांगतो.

हिमायतनगरला दिलेल्या लेकीनं लॅव्हेंडरचं बी पाठवलं होतं. तिच्या सांगण्यावरून मी ते ओल्या कागदात गुंडाळून तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग ट्रेमधल्या मातीवर नुसतं पसरलं. महिन्याभरानं अकरा कोंब आले. अहमदपुरात, आमच्या घरी लॅव्हेंडर! मी दिवसातून चारदा बघायचो.

आज सकाळी पाहतो तर आठ रोपं मुळाशी काळी पडून आडवी झालेली.

बायको म्हणाली, "रोज पूजेचं पाणी तुम्हीच ओतून राहिले ना त्यात?"

"देवाचं पाणी हाय ते. मोरीत कसं टाकू?"

"हाव, पण त्या रोपाला तहान हाय का, ते कधी बघितलं का?"

लिंगपूजेचं पाणी झाडालाच घालायचं, हे वडिलांपासून चालत आलेलं. या रोपाला माती कोरडी लागते, हे लेकीनं बजावलं होतं. मी मात्र माझ्या समाधानासाठी रोज ओतत गेलो.

लेकीला फोन करून कबूल केलं. ती हसली. "बाबा, तीन तर तीन. आता दोन दिवस हातच लावू नका."

पूजेचं पाणी आता दारातल्या कडुनिंबाला घालतोय.

तुमच्यापैकी कुणी बियांपासून लॅव्हेंडर जगवलंय का? पाणी कधी द्यायचं ते सांगा. अजून द्यायचंच नसेल, तर तेही सांगा. ऐकेन.