उघडण्याआधीचा चौकोन

माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, आयुष्यात एकही गोष्ट आधी पाहिल्याशिवाय उघडलेली नाही, हे मी राजापेठेच्या भर चौकात उभा राहून शपथेवर सांगू शकतो. टरबूजवाल्याने खाप काढून आतला रंग दाखवल्याशिवाय दादा पिशवी पुढे करत नसे. हॉटेलात कचोरी आली की आधी तिला कडेने एक खिडकी पाडायची, आत डोकावायचं आणि मगच खायचं. सिनेमाला गेलो की आदला खेळ सुटताना दाराशी उभं राहून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचे, आणि ते पसंत पडले नाहीत तर आम्हाला सगळ्यांना घेऊन परत फिरायचं. एकदा अकोल्याच्या एसटीत चढण्याआधी त्याने ड्रायव्हरकडे इतका वेळ निरखून पाहिलं की तो बिचारा खाली उतरून, आपली कुठं ओळख आहे का, असं विचारू लागला. ड्रायव्हरच खाली असल्यामुळे तेवढी आमची गाडी चुकली नाही.

याचं मूळ बार्शीटाकळीच्या शेतात होतं. कपाशीचे वाईट दिवस होते ते. बियाण्याच्या पाकिटावर बोंडांनी वाकलेलं झाड छापलेलं असे आणि आत्याच्या रानात मात्र त्याचा कुणी गरीब नातेवाईक उगवे. दादा ते रिकामं पाकीट पिकाशेजारी धरून दोन्हीकडे आळीपाळीने पाहत बसायचा. "बाहेर फोटो लावला म्हणजे आतलं दिसलं असं नोहे," एवढंच म्हणायचा. शेवटी शेत धाकट्या भावावर सोपवून, अकोल्याला कॉम्प्युटरचा क्लास करून, तो माझ्या फोटो आणि पत्रिकांच्या दुकानात येऊन बसला.

आता आमच्या कॉम्प्युटरचं असं होतं, की फाइल उघडायला गेलं की समोरच्या खिडकीत नुसती नावं दिसत. फोटो कुणाचा, ते उघडल्यावरच कळणार. आणि नावं ठेवणारा मी. 'नवरा', 'नवरा नवा', 'नवरा शेवटचा', अशी ती नावं. व्हायचं तेच झालं. अचलपूरच्या एका लग्नपत्रिकेवर दर्यापूरचा नवरदेव छापून गेला. वधूपिता दुकानात आले ते संतापाने बोलूच शकेनात, म्हणून त्यांची धाकटी मुलगी शांतपणे म्हणाली, "पत्रिकेवरचा नवरदेव दिसाले बरा आहे. पण ताईचा साखरपुडा दुसऱ्याशी झाला न." मी टेबलाखाली काहीतरी शोधू लागलो. दादाने मात्र पत्रिका पुन्हा छापल्या, एसटीने अचलपूर गाठलं आणि घरोघरी फिरून चुकीच्या पत्रिका परत घेतल्या.

ती गोष्ट त्याच्या जिवाला लागली. कुठूनतरी प्रोग्रामिंगचं जाडजूड पुस्तक आणून त्याने स्वतःची खिडकी लिहायला घेतली. डावीकडे नावं, उजवीकडे एक चौकोन. नावावर नुसतं थांबायचं, की फाइल न उघडताच फोटो चौकोनात हजर. दुकानातली कामं तुंबली, गिऱ्हाइकं खोळंबली, आणि हा गडी खुर्चीत बसून गालातल्या गालात हसतोय. चौकोनात पहिला फोटो आला त्या दिवशी त्याने अख्ख्या गल्लीला बोलावलं. शेजारचे टेलरचाचा चष्मा सावरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले की आता कापड बेतण्याआधी शिवलेला सदरा दाखवणारं काहीतरी काढ, म्हणजे गिऱ्हाइकांच्या कटकटीतून मी सुटेन.

खोट एकच होती. यादीतून बाणाचं बटण दाबत खाली जाऊ लागलं, की मशीन वाटेतल्या प्रत्येक नावाशी अडायचं. तो जडशीळ फोटो चौकोनात आणल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. दादाच्या लग्नाचंही नेमकं तसंच चाललं होतं. पोरी पाहणं संपत नव्हतं. त्यात दिवस असे, की मुलींचे बाप शेताचं नाव काढताच चहाची कपबशी खाली ठेवत. दादा असाच राहतो की काय, या काळजीने आत्याची झोप उडाली होती. ती दुकानात फोन करून मला सांगायची, "त्याले म्हण, सारं जग पाहून झालं असन तर आता एखादी बायको पाह्य."

ताईचं लग्न खऱ्या नवरदेवाशी पार पडल्यावर ती अचलपूरची धाकटी मुलगी अल्बमचे फोटो निवडायला आली. दादाने कौतुकाने आपली खिडकी दाखवली. मशीन जेवणाच्या पंगतीशी अडलं, बँडवाल्यांशी अडलं, डुलक्या घेणाऱ्या एका काकांशी तर फारच अडलं. ती म्हणाली, "तुमी येवढ्या साऱ्याइले काहून पाहून राहिले? बोट जिथं थांबन, तिथलाच फोटो आणा न."

दादा तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने प्रोग्राममध्ये तेवढीच दुरुस्ती केली, आणि खिडकी पाण्यासारखी वाहू लागली.

मी फोनवर ही हकिकत सांगताच आत्याने हरखून पुढच्याच आठवड्यात अचलपूरला त्याच मुलीला पाहण्याचा कार्यक्रम ठरवला, तर हा म्हणे मी येत नाही. आत्याने कपाळाला हात लावला. मी विचारलं, का रे बाबा? आयुष्यभर कचोरीत डोकावणारा तो माणूस लाजत म्हणाला, "आता काय पाह्याचं? बोट थांबलं न." तिकडे वधूपित्याने शेतीवरून कुरकुर केलीच. पण मुलीने ठणकावून सांगितलं, की दुसऱ्याने छापलेला नवरदेव बदलायला जो दारोदार हिंडला, तो स्वतः नवरदेव झाल्यावर नीटच राहील. ती माझी वहिनी झाली. चूक माझी, आणि पुण्य दादाच्या पदरात. असो.

लग्नानंतर एक दिवस मी मोठा फोटो शोधत होतो. असा जड फोटो येईपर्यंत चौकोन रिकामा राहायचा. त्या दिवशी पाहतो तर रिकाम्या चौकोनात वहिनी हसतायत. फोटो आला आणि त्या गेल्या. दादा म्हणाला, रिकामं बरं दिसत नाही. पुढे मी हौसेने नवं, वेगवान मशीन आणलं, तर त्याने आपली खिडकी एकदा त्यावर चालवून पाहिली आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. त्यावर वहिनी डोळ्याचं पातं लवेपर्यंतही टिकत नव्हत्या.

धाकट्या भावाला शेत आवरेना, तेव्हा दोघं बार्शीटाकळीला परत गेली. आता कुठलाही कॉम्प्युटर न सांगता आतलं चित्र दाखवतो, दादाच्या खिडकीची कुणाला गरज नाही. जुनं मशीन मात्र मी मोडीत काढलेलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं आणि दादाची फार आठवण आली, की ते चालू करतो आणि यादीतल्या सगळ्यात जड फोटोवर बोट थांबवतो. वहिनी येतात, हसत राहतात. मशीन आता पूर्वीपेक्षाही हळू झालंय. दुरुस्तीवाला विचारतो, वेगवान करून देऊ का? मी त्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो.