खटक्याचा आकडा

यशवंतमामा मेलेल्या माणसालाही "हिकडं बघा" म्हणायचे. शिरूरच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि शेजारच्या गाळ्यात माझं टायपिंगचं दुकान. आसपासच्या गावांतून निरोप यायचा, म्हातारी गेली, घरात फोटो एकही नाही, लवकर या. मामा किक मारून निघायचे. मयताला टेकू देऊन बसवलेलं असायचं. मामा समोर उकिडवे बसायचे, नाव विचारून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "सखूबाई, हिकडं बघा." मग एकदाच खटका दाबायचे. परत आल्यावर बारीक ब्रशानं फोटोतले मिटलेले डोळे उघडे रंगवायचे. "भिंतीवरचं माणूस झोपल्यालं बरं दिसत न्हाई," म्हणायचे. कॉम्प्युटर आल्यावर ते काम माझ्याकडं आलं. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता, पण मामांनी शेजारी बसून शिकवलं.

छत्तीस फोटोंच्या रोलवर आयुष्य काढलेला माणूस. लग्नात नवरदेवाचे मित्र मागं लागायचे, "मामा, आणखी एक, आणखी एक!" मामा कॅमेरा खाली घ्यायचे. "आदी माणूस बघू द्या, मग बटन." माझी मात्र बडबड अखंड. ती ऐकून ते भिंतीपलीकडून ओरडायचे, "सुनंदे, तुझ्या त्वांडाचं शटर कवा मिटतं गं?" मीही काही ऐकून घेणारी नव्हते. "तुमचं दुकान मिटल्यावर!" असं फाडकन बोलून मोकळी व्हायचे.

पुढं रोल मिळेनात, धुणारेही उरले नाहीत. दौंडच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडं जुना डिजिटल कॅमेरा होता. मामांचा रोलचा कॅमेरा आणि वर थोडे पैसे घेऊन तो देतो म्हणाला. मामा तो कॅमेरा दोन दिवस बघायला म्हणून एसटीनं घेऊन आले आणि थेट माझ्या टेबलावर ठेवला.

"सुनंदे, ह्याचा खटका किती उडालाय, सांग. मानसाचं वय दातावरून कळतं, ह्याचं कशावरून कळायचं?"

मी म्हणजे मोठी शहाणी! कार्ड कॉम्प्युटरला लावलं, शेवटच्या फोटोच्या नावातला आकडा वाचला आणि तोऱ्यात सांगितलं, "मामा, तीन हजार दोनशे. नवाच आहे की!"

"तू म्हनलीस म्हंजी झालं," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी आपला रोलचा कॅमेरा आणि वरचे पैसे देऊन आले. मग भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या सुनंदानं तपासून दिलाय."

सहा-सात महिन्यांनी मी इंटरनेटवर काहीतरी शोधत होते, तेव्हा वाचलं की फोटोच्या नावातला आकडा दहा हजाराला टेकला की पुन्हा एकपासून सुरू होतो. खरा हिशेब फोटोच्या फाइलच्या पोटात असतो. तो वाचणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि मामांनी त्या कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटो त्यात टाकला. एक लाख त्रेचाळीस हजारांच्या वर! तेवढ्यात असे कॅमेरे मान टाकतात, असंही तिथंच लिहिलेलं होतं.

उठून शेजारच्या दारात गेले. मामा एका गिऱ्हाइकाला तेच सांगत होते, आमच्या सुनंदानं तपासून दिलाय. मी परत फिरले. म्हटलं, चालतोय तोवर चालू दे. उद्या सांगू. अशा किती उद्या गेल्या, देव जाणे. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

उन्हाळ्यात निमोण्याहून निरोप आला. मजुरी करणाऱ्या एका बाईची चार वर्षांची पोर साप चावून गेली होती. जन्मल्यापासून तिचा एकही फोटो निघालेला नव्हता. मामा गेले आणि तिन्हीसांजेला माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. तोंडावर धूळ तशीच होती.

"पोरीचं नाव घेतलं, खटका दाबला. आतनं नुसता खरखर आवाज आला. पुन्ना दाबला, पडद्यावर काळं. माणूस हिकडं धाडायचा तर तासाभराचं काम. जाणती मान्सं म्हनली, उन्हाचं ठिवता येत न्हाई. नेली पोर. आय माझा शर्ट धरून म्हनत हुती, मामा, अजून एकदा दाबा. दाबत राह्यलो मी."

मी रडायला लागले. मग सांगून टाकलं. "मामा, मी चुकीचा आकडा वाचला होता. खटका दीड लाखाला आला होता."

"चूक हुती व्हय," ते म्हणाले. "मानसाकडनं हुती. आज कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. दिवाळीच्या आधीच कळलं होतं."

मामा रागावले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी त्यांचे पाय धरले असते.

"मंग सांगायचं," ते म्हणाले. "भांडगावच्या आमच्या भाच्याचा क्यामेरा मागून नेला असता. दोन्ही गळ्यात घालून गेलो असतो." आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "येतो, म्याडम."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी म्याडम झाले. तुम्ही, बसा, चहा घेता का. लोकांना वाटायचं, केवढा मान देतात! मला एक कानाखाली दिली असती तर सोसलं असतं. भिंतीपलीकडून सुनंदे अशी हाक पुन्हा कधी आली नाही. मीही दुकानात बोलणं कमी केलं. निमोण्याला मात्र ते दर उन्हाळ्यात जायचे. त्या बाईच्या घरी काय बोलायचे, मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांनी मामांना काविळीनं धरलं. दवाखान्यानं आशा सोडून घरी पाठवलं, तेव्हा मी भेटायला गेले. दारातच चप्पल काढून जमिनीवर, त्यांच्या उशाशी टेकले. मामी वाकून म्हणाल्या, "आवं, बघा तरी, आपली सुनंदा आलीय."

मामांनी डोळे उघडले. मला ओळखलं, ते मला कळलं. मामींकडं बघून म्हणाले, "त्यांना खुर्ची द्या."

मामींनी खुर्ची आणली. मी उठून तिच्यावर बसले.