साडेसात गावांचं अधिकृत चरित्र

लोकांची चरित्रं लिहून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. डोंबिवलीत बसून मी बिल्डरांची लिहिली, डॉक्टरांची लिहिली, एका भजनीबुवांचंही लिहिलं. राजा मात्र पहिल्यांदाच मिळाला. तो बाळकुमला चौदाव्या मजल्यावर राहत होता.

"साडेसात गावांचं संस्थान आमचं," फोनवरचा आवाज म्हणाला. "उरलेलं अर्धं गाव नदीपलीकडच्यांनी लाटलं." आवाज असा खणखणीत, की मी मोबाईल कानापासून लांब धरला.

पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आमच्याकडे काकाच म्हणतात. "सरकार म्हणा," त्यांनी बजावलं. "आधी तिला पाणी तरी विचारा," आतून बायकोचा आवाज आला आणि गाऊनला हात पुसत राणीसाहेब बाहेर आल्या. टीव्हीच्या वर तलवार टांगली होती. तिच्या मुठीला वायफायचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी अडकवली होती.

चरित्र अधिकृत हवं होतं. म्हणजे काय, ते पहिल्याच प्रकरणाला कळलं. प्रत्येक पान सरकार वाचणार. पटलं तर खाली 'मान्य' लिहून बिरुदांसकट तीन ओळींची सही करणार, नाही पटलं तर लाल शाईत 'रद्द' असा शिक्का हाणणार. शिक्का लाकडी मुठीचा होता, चांगला झिजलेला. वंशपरंपरागत असेल म्हणून मी आदराने बघत होते, तर काकू म्हणाल्या, "खोपटहून आणलाय. रिटायर झाले तेव्हा."

सरकारांनी खोपटच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं नोकरी केली होती, त्यातली बरीचशी चौकशीच्या खिडकीत. यातलं अवाक्षरही पुस्तकात येता कामा नये, ही त्यांची अट होती.

"राजघराण्याचं चरित्र आहे हे," ते म्हणाले. "राजा गाड्यांचं टायमिंग सांगत बसला होता, असं लिहिणार का?"

"मग काय करत बसला होता, ते सांगा," मी म्हटलं. माझा जिभेवर ताबा नाही.

तर आजोबांचा हत्ती निघाला. पहिल्या खर्ड्यात तो एकच होता, आणि तोही दसऱ्यापुरता शेजारच्या संस्थानातून मागून आणलेला. तिसऱ्या खर्ड्यापर्यंत त्याचे तीन झाले. साडेसात गावांत तीन हत्ती उभे केले तर माणसांनी जायचं कुठे, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस माझा फोन घेतला नाही. शेवटी दोन हत्तींवर तडजोड झाली. त्यातला एकही त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता, कारण त्यांच्या जन्माआधीच संस्थान विलीन झालं होतं.

मला तो डेपो मात्र सोडवेना. एकदा सरकार झोपले असताना काकूंनी मेथी निवडता निवडता एक गोष्ट सांगितली. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी दापोलीची जादा गाडी रद्द झाली, कारण ड्रायव्हर तापाने फणफणला होता. फलाटावर मखरं, पिशव्या, रडकुंडीला आलेली पोरं. सरकारांनी खिडकी बंद केली नाही. साप्ताहिक सुट्टीवर असलेल्या एका ड्रायव्हरच्या घरी ते चालत गेले, त्याच्या बायकोची समजूत घातली, आपला डबा त्याच्या हातात दिला आणि गाडी सोडली. "त्याच गाडीने मी माहेरी गेले," काकू म्हणाल्या. "यांचंही तिकीट होतं. पण खिडकीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून राहिले."

घरी येऊन मी एका बैठकीत सहा पानं लिहिली. इतक्या वर्षांत मी लिहिलेलं एवढंच मला मनापासून आवडलं. सरकारांनी ती दोनदा वाचली आणि सहाही पानांवर 'रद्द' मारला.

मी भडकले. "हत्ती खोटे, ते ठेवता. आणि हे खरं आहे, ते काढता?"

"बाई," ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "डेपोत मला सरकार म्हणायचे ते चेष्टेनं. एकतीस वर्षं ऐकलं. निदान पुस्तकात तरी चेष्टा नको."

मी पानं पिशवीत घातली. फार वाईट वाटलं, आणि ते माझ्या प्रकरणासाठी नव्हतं.

प्रकाशन सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झालं. पुढच्या दोन रांगांवर इतर राजघराण्यांसाठी 'राखीव' अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यातलं कोणीही आलं नाही. एका घराण्याने गुच्छ पाठवला. आले ते खोपटचे निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर, वीसेक जण. पुढे राखीव दिसल्यावर ते सवयीने मागे जाऊन बसले. फेटा बांधून सरकार आत आले आणि ते सगळेच्या सगळे उठून उभे राहिले.

भाषणं आटोपल्यावर एक म्हातारा कंडक्टर पुस्तक चाळत म्हणाला, "सरकार, आपलं खोपट कुठल्या पानावर आलंय? मघापासून बघतोय, नुसते हत्तीच निघतायत."

सरकार फेटा सारखा करू लागले.

"दापोलीची गाडी तरी घ्यायची ना. मी होतो त्या गाडीवर. नातवंडांना अजून सांगतो, सरकार होते म्हणून गाडी गेली." तो हे अगदी साधेपणाने बोलला. त्यात चेष्टा नव्हती. मी कान देऊन ऐकत होते, आणि सरकार माझ्याहून जास्त.

ते माझ्याकडे वळले. "बाई, ती पानं आहेत?"

पानं पिशवीतच होती. मी ती उभी राहून वाचली. "सात वाजता गाडी सुटली" या वाक्याशी आले, तेव्हा व्यासपीठावरून तो खणखणीत आवाज आला, "सात चाळीस." माझ्या सबंध लिखाणात त्यांनी केलेली खरी दुरुस्ती ती एवढीच.

कार्यक्रमानंतर त्यांनी पानं मागून घेतली आणि चार दिवसांनी परत पाठवली. ती माझ्याकडे आहेत. लाल 'रद्द' सहाही पानांवर तसाच आहे. शेवटच्या पानावर त्याच्याखाली निळ्या पेनाने, डेपोच्या रजिस्टरात लिहावं तसं, लिहिलंय: गाडी सोडली, ७.४०. मान्य. आणि सही एकाच शब्दाची: सरकार.